व्हिएन्नातली ओटी

अंबरनाथ पूर्व
४ मे २०२५

ताई,

तुला आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना नमस्कार. एका स्टेशनाच्या अंतरावर राहून एकमेकींना पोस्टाने पत्रं पाठवणाऱ्या बहिणी आपल्या पंचक्रोशीत दुसऱ्या नसतील. पण तुझं कानाचं यंत्र कायम डब्यात, फोनवर मी एक बोलते आणि तू भलतंच उत्तर देतेस. आणि माझा जन्म पोस्टात गेला. तिकीट चिकटवल्याशिवाय माझ्या मनातलं बाहेर पडत नाही.

बातमी अशी की मी युरोपला चालले. हसू नकोस. बदलापूरचा अवधूत म्हणून एक मुलगा आहे, आधी कॉलेजात इतिहास शिकवायचा, आता सहली काढतो. दहा दिवसांत आठ देश असला प्रकार नाही. एकच शहर, तिथली म्युझियमं आणि तिथले रस्ते, सगळं पायी आणि निवांत. आपल्याच भागातली वीसेक माणसं आहेत. बरोबर स्वयंपाकीसुद्धा आहे, त्यामुळे पिठलं-भाताची सोय होणार.

शहर कुठलं ते तू ओळखलंच असशील. व्हिएन्ना.

तीन वर्षांपूर्वी वरद गेला तेव्हा माझा व्हिसा हातात पडेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. माझ्या पोटच्या पोराला मी शेवटचं पाहिलं नाही. तो ज्या रस्त्याने जायचा तो रस्ता पाहिला नाही. चैत्राली अस्थी घेऊन आली, दहा दिवस राहिली आणि नोकरीवर परत गेली. दर रविवारी फोन करायची. आता रविवार चुकतात.

तुला म्हणून सांगते, म्युझियमं हे निमित्त आहे. मी चैत्रालीला, माझ्या सुनेला, परत चल म्हणणार आहे. तिची आई ती लहान असतानाच गेली, बापाचा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये राहत्या घरातच जीन्सचा कारखाना, पाय ठेवायला जागा नाही. माझ्या घराच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात. वरदचं माणूस म्हणून या जगात एवढी एकच उरली आहे, ताई. ती मला घरात हवी आहे.

तुझी
संध्या


कुळगाव, बदलापूर
९ मे

संध्ये,

पत्र मिळालं. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "संध्या आणि युरोप? ती ठाण्याच्या पलीकडे गेली की तिचं डोकं दुखतं." मी म्हटलं, ते तुम्ही बरोबर असता म्हणून.

जा बाई, जरूर जा. लोकरीचं काहीतरी घे, मे महिना असला तरी तिकडचा मे आपल्यासारखा नसतो. मेतकूट घे. आणि म्युझियमात चित्रांना हात लावू नकोस, लहानपणी तू दसऱ्याच्या रांगोळीला बोट लावून बघायचीस.

आता दुसरं. चैत्रालीचं स्थळ मीच आणलं होतं, म्हणून बोलायचा मला हक्क आहे. तिला भेट, जवळ घे, पोटभर रडा दोघी. पण परत चल म्हणण्याआधी तिचं ऐकून घे. तू एकदा मनात घेतलंस की समोरच्याला बोलायला फट ठेवत नाहीस. वरदला डॉक्टर करायचं म्हणून दोन वर्षं त्याच्या मागे लागली होतीस, आणि पोरगं शेवटी पूल बांधायला गेलंच ना?

तिकडे पोचलीस की कागदावर लिही आणि त्याचा फोटो काढून मोबाइलवर पाठव. मी मोठा करून वाचीन. मीही तसंच पाठवीन.

मीनल


व्हिएन्ना
२७ मे, मंगळवार

ताई,

पोचल्यापासून आज पहिल्यांदा हातात पेन धरते आहे. हॉटेलचा कागद आहे, फोटो नीट दिसत नसेल तर ओरडू नकोस.

शहर फार देखणं आहे, आणि त्याला ते माहीत आहे. लाल-पांढऱ्या ट्रॅम गोल रस्त्यावरून सुळसुळत जातात. कॉफी मागितली की चकचकीत तबकात सोबत पाण्याचा पेला येतो. मोठ्या चर्चसमोर अवधूत सांगत होता की हे एवढं जुनं, तेवढं जुनं, तर आमच्या सहलीतल्या राजाबाई मोठ्याने म्हणाल्या, "मग आमच्या अंबरनाथचं देऊळ याच्यापेक्षा म्हातारं हाय!" अवधूत म्हणाला, काकू, खरं आहे. तेव्हापासून राजाबाई प्रत्येक इमारतीचं वय विचारतात.

काल एका म्युझियममध्ये मुठीत मावेल एवढी दगडाची बाई पाहिली, हजारो वर्षांपूर्वीची. आज समोरच्या जुळ्या इमारतीत चित्रं. अवधूतची पद्धत चांगली आहे. एका दालनात एकच चित्र, सगळ्यांनी सोफ्यावर बसायचं आणि गप्प बघायचं. एका चित्रात बर्फातून शिकारी घरी परतताहेत, कुत्री दमलेली, खाली लांबवर गाव. राजाबाईंचे यजमान कोंडाजी म्हणाले, "हातात तर काय दिसत नाय, फुकट वणवण." सगळे हसले. मला मात्र वाटलं, रिकाम्या हाताने का होईना, घरी चाललेत.

आता ऐक आणि रागावू नकोस.

मुंबईच्या विमानतळावर राजाबाईंनी विचारलं, "तिकडं कोण असतं तुमचं?" मी म्हटलं, माझा मुलगा. "काय करतो?" पूल बांधतो. "लग्न झालंय?" हो, सून उल्हासनगरची. एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त मी पुढचं बोलले नाही. पण मग विमानात, बसमध्ये, नाश्त्याला सगळे विचारत गेले आणि मी सांगत गेले. वरदला भेंडी आवडत नाही. वरद ट्रॅमने जातो. वरदला इथली थंडी मानवते. ताई, तीन वर्षं माझ्याशी कुणी त्याचं नाव काढत नाही. काढलं तर आवाज खाली करतात. इथे वीस माणसं हसत हसत विचारतात, मग वरद काय म्हणतो? मला इतकं बरं वाटतं की मी थांबूच शकत नाही.

माझ्या खोलीत यशोधराबाई आहेत, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या अकाउंट्समधून निवृत्त झालेल्या. काल दार लावून मला म्हणाल्या, "संध्याताई, मी आले होते तुमच्याकडे भेटायला, वरद गेला तेव्हा." मी टॉवेल हातात धरून उभी राहिले. त्यांनी किटली लावली आणि मला चहा दिला.

चैत्रालीशी बोलले. गुरुवारी इथे कसलीशी सुट्टी आहे आणि आमचीही दुपार मोकळी आहे. ये म्हणाली. पण आवाजात काहीतरी चोरल्यासारखं वाटलं. कामाचा ताण असेल.

संध्या


कुळगाव
२८ मे, सकाळी

संध्ये,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा रडत, तिसऱ्यांदा पुन्हा रागाने. अगं, झाकली मूठ किती दिवस झाकशील? यशोधराबाईंना माहीत आहे, उद्या दुसऱ्या कुणाला कळेल. आपण होऊन सांगून टाक. लोक खाणार नाहीत तुला.

इथे काल बाळाजी येऊन गेला, चैत्रालीचा बाप. सहज आला होता. ह्यांच्यासाठी एक जीन्स घेऊन आला. या वयात हे जीन्स घालणार म्हणे! आरशासमोर उभे राहून पोट आत घेत होते.

चैत्रालीकडे जाशील तेव्हा तिचं घर बघ, चहा पी, ख्यालीखुशाली विचार आणि ये. परत चल म्हणू नकोस. का ते आत्ता विचारू नकोस. मोठ्या बहिणीचं एवढं ऐक.

मीनल


व्हिएन्ना
२८ मे, संध्याकाळ

ताई,

का ते विचारू नको म्हणतेस, पण मला कळलं. विधवा सून घरात आणली की लोक काय म्हणतील याची तुला काळजी. किंवा तूच जमवलेलं स्थळ म्हणून तुला अपराध्यासारखं वाटतं आणि ती डोळ्यांसमोर नकोशी झाली आहे. मला तसं काही वाटत नाही. तिच्या पायगुणाबद्दल तेव्हा चार बायका कुजबुजल्या होत्या, त्यांना मी जिन्यातूनच परत पाठवलं होतं. तुला माहीत आहे.

आज यशोधराबाईंबरोबर मी वरदच्या रस्त्यावर जाऊन आले. बाकीचे राजवाड्याच्या बागेत होते. वरद फोनवर सांगायचा, आई, घरातून निघालो की डावीकडे बेकरी, मग कालव्यावरचा पूल, मग ट्रॅमचा थांबा. सगळं तसंच आहे. बेकरीतून गरम वास येतो. पुलाच्या कठड्यावर सायकली टेकवलेल्या. मी थांब्याच्या बाकावर बसले. त्याच्या छातीत कळ आली ती इथेच. कुठल्या बाजूला बसला होता ते मला माहीत नाही, म्हणून मी दोन्ही बाजूंना बसले. ट्रॅम येत होत्या, दारं उघडत होती, आणि प्रत्येक वेळी मी उतरणाऱ्यांकडे बघत होते. वेडेपणा आहे हे कळतं गं. पण मान आपोआप वर व्हायची.

यशोधराबाई शेजारी नुसत्या बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "अजून एक ट्रॅम बघू, मग जाऊ." तशा चार बघितल्या.

हॉटेलवर परतले तर नवीनच गोंधळ. राजाबाईंनी अवधूतला विचारून ठेवलं होतं की उद्या दुपारी संध्याताई कुठे जाणार. त्याने सांगितलं, सुनेकडे. झालं! बाईंनी बायकांची सभा भरवली. "पोरगी परमुलखात, तिची ओटी कोण भरतंय इथं? आपण एवढ्या जणी आलोय माहेरच्या गावावरनं, तशाच जायचं का?" स्वयंपाक्याकडून नारळ आणि तांदूळ घेतले, कुणाच्या बॅगेतून कोरा ब्लाउजपीस निघाला, राजाबाईंच्या पर्समध्ये हळद-कुंकू असतंच. मी म्हटलं, घर लहान आहे हो. तर म्हणे, "ऱ्हायला कोण येतंय? ओटी भरून पाच मिनिटांत उतरतो. आणि वरदलाबी बघू, एवढं ऐकलंय त्याचं."

सांग मी काय करू. विधवेची ओटी भरू नये म्हणून थांबवायचं तर वरद गेला हे सांगावं लागेल. ते माझ्या जिभेवर येत नाही.

संध्या


कुळगाव
२९ मे, सकाळी नऊ

संध्ये,

हे पत्र दिसेल तेव्हा आधी वाच, मग जिना उतर. घाईत लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस.

तू मला चुकीचं समजलीस. बाळाजी सहज आला नव्हता. खुर्चीवर अर्धा बसून म्हणाला, "ताई, चैत्रालीने वहीं पे एक जण पसंत केलाय. टोबियास की काय नाव आहे. तिकडचाच, तिच्याच ऑफिसात. सप्टेंबरला शादी आहे. पोरगी माझ्याजवळ रडली, बोलली, आईंना कसं सांगू? आणि विहीणबाईंना सांगायची आपली डेअरिंग नाय होत. तुम्हीच बघा काय ते." मी त्याला म्हटलं, मी सांगते. आणि मग माझीही छाती झाली नाही. एवढ्या लांब, परक्या शहरात, तुझ्याजवळ कुणी नसताना तुला ते कागदावर कळावं असं मला वाटलं नाही.

म्हणून म्हणत होते की परत चल म्हणू नकोस. ती नाही म्हणेल, आणि तू ते आयुष्यभर उराशी धरून बसशील.

त्या बायकांना खरं सांग. आत्ताच्या आत्ता सांग. फोनवर निळी खूण होईपर्यंत मी बघत बसणार आहे. चष्मा विसरू नकोस.

ताई


व्हिएन्ना
३० मे, शुक्रवार

ताई,

तुझं पत्र मी काल परत आल्यावर वाचलं. फोन खोलीतच चार्जिंगला राहिला होता. बरं झालं एका अर्थी. आधी वाचलं असतं तर मी गेलेच नसते.

सगळं सांगते.

आम्ही चौदा जणी गेलो. जुनी इमारत, लिफ्ट नाही, तिसरा मजला. राजाबाईंनी दाराबाहेर चपला काढल्या, मग सगळ्यांनीच काढल्या, आणि त्या दगडी जिन्यावर बुटांची रांग लागली. खालच्या मजल्यावरची एक म्हातारी दार किलकिलं करून बघत राहिली. यशोधराबाई म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंनी हे ओटीबिटी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हाच सोडलं. मी आपली चपला राखते." आणि पायरीवर बसल्या. जाताना माझा हात एकदा दाबला.

चैत्रालीने दार उघडलं. तिला मी एकटीच येणार असं वाटत होतं. ताई, किती बारीक झाली आहे, आणि केस कापलेत, चांगले दिसतात. माझ्याकडे बघून हसली, मग माझ्या मागच्या बायकांकडे बघून गांगरली. मी तिला डोळ्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते, काय ते मलाच माहीत नव्हतं.

राजाबाई सरळ आत. "कुठाय आमचा वरद? लपवलाय की काय?"

 बाकीच्या हसत होत्या, पण माझ्या कानांना काही ऐकू येत नव्हतं. चैत्रालीने माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण. तिला सगळं कळलं, मी इतके दिवस काय केलं आहे ते. ती म्हणाली, "बाहेर गेलाय, काकू. चुकामूक झाली."

मला वाचवलं तिने. माझ्यासाठी खोटं बोलली ती पोर.

तोवर राजाबाईंनी कुंकवाची डबी उघडली. चैत्राली एक पाऊल मागे सरकली. पुन्हा माझ्याकडे बघू लागली. आता थांबवायचं ते मीच. आपल्या आईची ओटी भरणं बाबा गेल्यावर कसं बंद झालं ते तू पाहिलं आहेस, माझंही तसंच झालं. मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "भरून घे गं. ओढणी घे एखादी."

तिने खुंटीवरची ओढणी घेतली. नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस, एकेक बाई येऊन भरत गेली. राजाबाईंनी कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "सुखानं नांदा." चैत्रालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बायकांना वाटलं माहेरची आठवण आली. त्यांनी तिला पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवले, आणि बोलल्याप्रमाणे पाच मिनिटांत उतरल्याही.

मग आम्ही दोघीच. ती ओटी तशीच धरून उभी. म्हणाली, "आई, कुंकू पुसून टाकू का?"

मी म्हटलं, राहू दे.

तेव्हा मला दाराजवळचे बूट दिसले. मोठे, पुरुषाचे. वरदचा पाय लहान होता, तुला आठवतं, शाळेचे बूट नेहमी एक नंबर लहान घ्यावे लागायचे. ती माझी नजर बघत होती. मग तिने सांगितलं, खाली बसून, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून. टोबियास. दीड वर्ष झालं. वरदबद्दल त्याला सगळं माहीत आहे. वरदचा फोटो त्यानेच पुन्हा भिंतीवर लावला, तिने काढून ठेवला होता.

ताई, मला राग आला. देवमाणूस असल्यासारखं लिहायचं नाही मला. असा राग आला की हातातला कप खाली ठेवावा लागला. वाटलं, तीन वर्षांत? माझा मुलगा ज्या घरात राहिला त्या घरात? मी तिला न्यायला आले होते आणि ती आणखी लांब निघाली होती. मनात म्हटलं, आत्ता विचार तिला, परत चल म्हण, रड, पाय धर. ती आली असती. एवढी हळवी आहे की आली असती.

तिने विचारलं, "आई, तुम्ही मला काहीतरी सांगणार होतात ना?" फोनवर मी तसं म्हणाले होते. मी तिच्या ओटीतले तांदूळ बघत होते. ते सांडू नयेत म्हणून ओढणी तिने घट्ट धरून ठेवली होती, रडतानाही. मी म्हटलं, काही नाही. मेतकूट आणलंय, ते सांगायचं होतं.

निघताना तिने विचारलं, शनिवारी सकाळी बस निघायच्या वेळी हॉटेलवर येऊ का, आणि त्याला आणू का. मी उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही. मला त्याला बघायचं नाही, ताई. त्याला बघितलं की वरद संपला.

संध्या


कुळगाव
३० मे, दुपारी

माझ्या राणी,

ह्यांना वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यात थांबले. ह्यांनी कागद घेऊन पुढचं स्वतः वाचलं, मग उगीच गॅलरीत जाऊन कुंडीला पाणी घालून आले. सकाळीच घातलं होतं.

राग आला ते बरोबर आहे. तुला राग आला नसता तर मला काळजी वाटली असती. मी आधी सांगितलं नाही, ते मला माफ कर किंवा करू नकोस, तुझी मर्जी.

पण एक सांगू? तिला परत चल म्हटलं नाहीस ना, तिथेच तू काय ते केलंस. तू सून आणायला गेलीस आणि तिच्यासमोर आई होऊन बसलीस. आईला जे करावं लागतं ते फार कडू असतं. आपल्या आईने तुला अंबरनाथला दिलं तेव्हा एका स्टेशनासाठी किती रडली होती.

त्या मुलाला बघून घे. गोड बोल असं म्हणत नाही मी. नुसतं बघ. वरदचा फोटो भिंतीवर परत लावणारा माणूस आहे तो. आणि वरद संपायचा तर तो तीन वर्षांपूर्वीच संपला असता. तुझ्या जिभेवर तो अजून भेंडी खात नाही.

येताना मला काही आणू नकोस. तू ये.

ताई


व्हिएन्नाचा विमानतळ
३१ मे

ताई,

विमानाला उशीर आहे. सगळे खुर्च्यांवर पाय वर घेऊन बसलेत, कोंडाजी चक्क घोरताहेत. यशोधराबाईंनी मला शेजारी जागा धरली आहे. मांडीवर कागद ठेवून लिहिते आहे.

काल तुझं पत्र वाचून मी चैत्रालीला एवढाच निरोप पाठवला, या. 'ये' नाही, 'या.'

सकाळी बसमध्ये सामान चढत होतं. थंड वारा सुटला होता, राजाबाई साडीवर स्वेटर आणि त्यावर शाल घेऊन सगळ्यांच्या बॅगा मोजत होत्या. रस्त्याच्या त्या टोकाकडून चैत्राली येताना दिसली. शेजारी तो. उंच, थोडा वाकून चालणारा, हातात फुलं धरायची कशी ते न कळल्यासारखी धरलेली. तिने त्याला शिकवलं असणार, कारण माझ्यापाशी आला आणि भर रस्त्यात माझ्या पायाशी वाकला. नीट जमलं नाही, फुलं माझ्या चपलेवर पडली. मग ती गोळा करत तो कितीतरी वेळ खालीच बसून राहिला. मान लाल झाली होती त्याची. मला त्याचा राग धरून ठेवायचा होता, पण त्या मानेकडे बघून तो धरवेना.

राजाबाई धावत आल्या. "आला का वरद! अगो बाई, केवढा गोरा झालाय इथल्या हवेनं!" आणि मागून सगळे गोळा झाले. कोंडाजींनी हात पुढे केला. अवधूत बसच्या दारात थांबला. वीस माणसं त्या मुलाकडे कौतुकाने बघत होती, आणि चैत्राली माझ्याकडे. मला तिच्या डोळ्यांत दिसलं, मी मान हलवली असती तर ती आत्ताही गप्प राहिली असती. तोही राहिला असता. माझ्यासाठी त्याने दोन मिनिटं वरद व्हायलाही नाही म्हटलं नसतं.

मी त्याचा हात धरला. गार होता. म्हटलं, "हा वरद नाही, राजाबाई. माझा वरद गेला. तीन वर्षं झाली, याच गावात. हे टोबियास. हे माझे जावई."

 ट्रॅम घंटा वाजवत निघून गेली. राजाबाईंचा चेहरा पार उतरला, हात कपाळाकडे गेला, चैत्रालीच्या कपाळाकडे नजर गेली. परवाचं सगळं त्यांच्या डोक्यातून फिरत असणार. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ओटीचं, अपशकुनाचं, मी फसवल्याचं. ते सगळं ऐकून घ्यायला मी तयार होते.

त्या वळल्या, आणि बसच्या पोटात शिरल्या, अक्षरशः शिरल्या, सामानाच्या कप्प्यात अर्ध्या आत. ड्रायव्हर ओरडत होता. एक बॅग ओढून काढली, रस्त्यावर उघडी टाकली, कपडे उपसले, आणि तळातून डिंकाच्या लाडवांचा डबा काढला, घरी जाईपर्यंत पुरवायचा म्हणून जपून ठेवलेला. तो टोबियासच्या हातात कोंबला आणि माझ्यावर खेकसल्या, "जावई पहिल्यांदा दारात आलाय आणि त्याला असंच रिकाम्या हातानं पाठवताय व्हय?"

तेव्हा मला रडू आलं, ताई. तीन वर्षं न आलेलं. भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, चैत्रालीला धरून. आणि कुणीही आवाज खाली केला नाही.

संध्या